न दिलेला हुंकारा
माणसं एकमेकांपर्यंत अर्थ कसा पोचवतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. सांगणाऱ्याचं बोलणं ऐकणाऱ्यामुळं कसं पुढं सरकतं, हे मी वर्गात पोरांना अगदी फळ्यावर लिहून शिकवते. शिकवताना माझाच मला राग येतो. पोरांना वाटतं, बाई कडक आहेत.

आई घनसावंगीजवळ आमच्या गावी एकटी राहायची. प्रबंधासाठी बोलीचे नमुने गोळा करायचे होते, तेव्हा सगळ्यात आधी तिच्याकडे गेले. खरं सांगायचं तर नमुने हे निमित्त होतं. अकरावीला तिनं मला नवीन जालन्यातल्या हॉस्टेलवर सोडलं आणि फाटकातून निघून गेली, एकदाही मागं न बघता. बाकीच्यांच्या आया डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या, माझी मात्र तरातरा चालत गेली. ते मला इतकी वर्षं सलत होतं. काहीच वाटलं नसेल का हिला? समोरासमोर विचारायची हिंमत कधी झाली नाही. म्हटलं, रेकॉर्डरच्या आडून विचारू.

आमच्याकडं कुणी काही सांगायला लागलं, की ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा. दर एक-दोन वाक्यांनी नुसतं "हूं" म्हणायचं. कापूस वेचताना बाया एकमेकींकडं बघत नसतात, सगळा भरवसा त्या "हूं"वर. तो आला नाही, की सांगणारी समजते, हिला ऐकायचं नाही. मग ती बिचारी आवरतं घेते.

आणि मी शहाणीनं काय केलं? रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज येता कामा नये, असं आम्हाला शिकवलेलं. आईपुढं यंत्र ठेवलं, त्या दिवसाचं विचारलं आणि तोंडाला कुलूप लावून बसले. मान तेवढी जोरजोरात हलवत होते. आई खाली बघून सुपातली तूर निवडत होती. माझी मान तिला कुठून दिसणार!

"तुला सोडलं अन् स्टँडवर येऊन बसले," ती म्हणाली. जरा थांबली. "मंग..." म्हणून परत थांबली. सुपातला खडा काढून बाजूला ठेवला. "मंग काय, आले घरी."

झालं. बघ, म्हटलं, काही वाटलंच नव्हतं तिला. यंत्र बंद केलं, तिच्या हातचा चहा घेतला आणि तोंड फुगवून दुसऱ्या दिवशी निघून आले. पुढच्या वर्षी आई गेली.

ती गेल्यावर काही महिन्यांनी ते रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला घेतलं. बोलणारा मध्ये किती वेळ थांबला, हेही आम्ही मोजतो. "मंग"च्या पुढचा वेळ मोजता मोजता लक्षात आलं. ती थांबली नव्हती, माझी वाट बघत होती. एक "हूं" हवं होतं तिला, आणि मी, तिच्याच पोटची पोर, ते दिलं नाही. टेबलावर डोकं ठेवून खूप रडले. कितीदा तो तुकडा लावला, पण आई घरी आली एवढंच कळायचं.

शेवटी गावी गेले. शेजारची काकू जन्मभर आईच्या बरोबरीनं रोजानं कापूस वेचायची. तिच्यासोबत रानात गेले, वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधली, शेजारची ओळ धरली. यंत्र काढलंच नाही. आईनं मला हॉस्टेलवर सोडलं त्या दिवसाचा विषय काढला आणि काकू जिथं जिथं थांबली, तिथं तिथं "हूं" म्हणत गेले.

काकू म्हणाली, "स्टँडवर दोन गाड्या गेल्या तिच्या पुढून, बसली न्हाई. म्हणे, पोरगी पळत आली माघारी, तर मी दिसाया पाहिजे."

"हूं."

"अन् फाटकात मागं पाहिलं असतं, तर तुला संगं घेऊनच आले असते म्हणे. मंग शिकली असती का तू?"

माझ्या तोंडून पुढचं "हूं" निघेना. काकूनं वेचता हात थांबवला, माझ्याकडं पाहिलं.

"हे तुला न्हाई सांगितलं का तिनं?"

"सांगत होती काकू," मी म्हणाले, "मीच गप बसले."