तुमसरचे हमाल

तुमसरहून आणलेल्या दोन हमालांनी आमची धानाची पोती, आईची पितळेची भांडी आणि गाद्यांची गाठोडी अंगणात काढली, तेव्हा आंधळगावची आमची सगळी गल्ली दारात उभी होती. कोणी हाक मारली नाही, कोणी पायरी उतरलं नाही. जायचं तरी कुठे होतं? बाजार ओलांडला की पलीकडे भाड्याच्या दोन खोल्या. गाठोडं डोक्यावर घेता घेता एक हमाल म्हणाला, "काकाजी, गाव बदलाचं हाय समजून आमी पोटभर जेवून आलो. हे तं भाकर जिराच्या आधीच पोचतो." दुसरा हसला. बाबा हसले नाहीत. मी मान खाली घालून त्यांच्या मागे चालत राहिले.

तुमच्यातले जे गावात राहिले त्यांना हे सांगायची गरज नाही, पण माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांच्या मुलांना सांगावं लागेल. सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे घर हलवायचं म्हणजे कोणाला बोलवायचं नसतं. दिवस कळला की शेजारी आपणच येतात. कोणी बंडी जुंपतो, कोणी पाटा उचलतो, म्हाताऱ्या बाया नुसता झाडू घेऊन चालतात. नव्या घरी पोचल्यावर मूठ मूठ लाई, म्हणजे लाह्या, आणि गूळ खाऊन जो तो आपल्या कामाला जातो. घरचं सामान वाहायला भाड्याने माणूस आणणं म्हणजे गल्लीला सांगणं की तुमचा आमचा संबंध संपला.

बाबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. मोठेबाबांशी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाशी, वाटणीवरून बिनसलं होतं, म्हणूनच घर सोडावं लागलं होतं. आईने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "जो आपल्याकडं येईल तो दादाच्या मनातून उतरंल. लोकाइले कायले मधात पाडाचं?" त्यांचं मन चांगलंच होतं. पण शेजारचे सुखदेवकाका त्या दिवशी पहाटेपासून बैलांना चारा घालून, बंडी जुंपून उभे होते. हमाल दिसले तसे त्यांनी बैल सोडले आणि घरात गेले. दारातून त्यांच्या बायकोचा, पार्वताकाकूंचा आवाज आला, "काहून, गावातल्या माणसाइचे हात झडले का?" नव्या घरात आईने भाजलेली लाई टोपलीत तशीच राहिली. हमालांना देऊन उरलेली आम्ही आठवडाभर खात होतो.

आणि महिन्याभराने माझं लग्न होतं.

सातवीनंतर शाळा सुटली, त्यामुळे मी फार शहाणी नाही, पण मांडव एकट्याने उभा राहत नाही एवढं मला कळत होतं. बांबू, जांभळाच्या डहाळ्या, पाणी, हळद कुटणं, पंगत वाढणं, सगळं गल्लीच्या हातांवर. आई बाबांना एवढंच बोलली, "आता मांडवही भाड्यानं आणान का?" बाबा उठून बाहेर गेले. ते कोणाच्या दारात गेले नाहीत. मला रोज वाटायचं, सासरची माणसं येतील आणि उघड्या अंगणात बसतील. ती आपसात काय बोलतील तेही मी मनात ऐकत होते.

मांडवाच्या सकाळी बाबा एकटेच पहार घेऊन खड्डे खणत होते. सुखदेवकाकांची बंडी आली ती बांबू आणि डहाळ्यांनी भरून. मागे गल्लीतली माणसं. काका खाली उतरले आणि बाबांसमोर उभे राहिले.

"आधी मजुरी सांग."

बाबांनी पहार जमिनीवर टेकवली.

"बोल ना. तुमसरवाल्याइले देल्ली तेवढी तरी भेटंल का आमाले?"

"सुखदेवा," बाबा म्हणाले, "तुले दादात आन माह्यात पाडाचं नोहतं."

"आमी पडाचं का नाही ते आमी पाहू. तू कायले ठरवून रायला? आन हे बांबू तुह्या भावाच्या वाडीतले होत. मीच मागून आणले. त्यानं नाही म्हटलं नाही."

बाबांच्या हातातली पहार काकांनी घेतली. दुपारी मांडव उभा होता. पार्वताकाकू मला हळद लावताना बोलल्या, "तुह्या बापाले अक्कल कमी, पण पोरगी बरी निपजली." सगळ्या बाया हसल्या. मीही हसले, आणि बाबा दूर बसलेले दिसले तसं हसू थांबलं.

आता मी सुरतेत आहे. हे कापडाच्या लूमवर मास्टर झाले, पोरं गुजराती शाळेत शिकतात. देवाची आणि शेठची कृपा, दोन वेळचं नीट मिळतं. इथे खोल्या बदलाव्याच लागतात. टेम्पोवाला भाव सांगतो, त्याची माणसं सामान चढवतात, मी कुलूप लावते. कोणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. फार सोपं आहे. या सोपेपणाचीच मला लाज वाटते, कारण पहिल्यांदा टेम्पो केला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. बाबांनाही त्या दिवशी असंच वाटलं असेल का? ते विचारायचं राहूनच गेलं.

गेल्या उन्हाळ्यात सुखदेवकाकांच्या मुलीचं, शांताचं लग्न झालं. लूमचा सीझन होता, सुट्टी मिळाली नाही. मी पार्सलने चांगली साडी पाठवली आणि मनाशी म्हटलं, झालं. लग्न आटोपल्यावर माझा भाऊ इकडे आला, त्याने पार्वताकाकूंचा निरोप आणला. "तिले सांगजो, साडी भेटली, झकास आहे. तिच्या वाट्याची कुटाची हळद बाजूले ठेवली होती. मांडवाच्या दिवसापर्यंत वाट पाह्यली, मंग मीच कुटली. माहे खांदे अजून दुखून रायले."

भाऊ हसत हसत सांगत होता. मी स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही. सुरतेत माझ्यावाचून कोणाचंच अडत नाही, ना चाळीत, ना बाजारात. आंधळगावला मात्र एका म्हाताऱ्या बाईला माझं काम करावं लागलं. माझं घर अजून तिथेच आहे.