नाव घेऊन सांग

तुमच्या घरातल्या पुरुषाला पोट आणि मांडी यांच्या मधे कुठे गाठ लागली, तर ती कुठे आहे हे तो तुम्हाला कोणत्या शब्दात सांगेल? जरा थांबून शब्द शोधा. एक पुस्तकी आहे, तो घरात कोणी बोलत नाही. एक शिवीतला आहे, तो घरात बोलला तर पोरांना आत पाठवतात. तिसरा आपल्याकडे नाही. नरेशदादाकडेही नव्हता. तो म्हणाला, मांडी.

नरेशदादा आमच्या मुलींच्या कबड्डी संघाचा कोच. पेणजवळच्या गडबच्या पुढे हायवे सोडून खाडीकडे उतरलं की आमचं गाव. तो रोह्याला कंपनीत शिफ्टला जायचा. सेकंड शिफ्ट असली की सकाळी, नाहीतर संध्याकाळी, तो मैदानावर असायचाच. वय पस्तिशीचं, उंची बेताची, आवाज मात्र पार मिठागराच्या बांधापर्यंत जाणारा. कुणी लंगडली, कुणी पोट धरून खाली बसली की खेळ थांबायचा आणि त्याचा ठरलेला प्रश्न यायचा.

"कुठं दुखतंय?"

"इथं."

"इथं म्हंजे? नाव नाय त्याला? नाव घेऊन सांग."

घोटा असेल तर घोटा म्हणायचं, गुडघ्याची वाटी असेल तर वाटी. मोघम बोललेलं त्याला चालायचं नाही. एकदा मी पोट दुखतंय म्हणून बाजूला बसले, तर सगळ्यांसमोर म्हणाला, "पोटात काय? जेवन का पाळी?" मी मान खाली घातली. "पाळी आली तर पाळी आली म्हनायचं गो. लाज कसली? चोरी केलीस?" ती गोष्ट गावभर झाली. दोन-तीन आया त्याच्या बायकोकडे, वैशालीवहिनीकडे, तक्रार घेऊन गेल्या. वहिनी मासे साफ करत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "त्यांना विचारू नको सांगता, तर मंग पोरींना सांगाया शिकवा." पुढच्या आठवड्यापासून आम्ही बिनधास्त सांगू लागलो, आज पाळी आहे, चढाई करणार नाही. तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्याही मुलींच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलेलं नाही.

पुरुषांचा संघही तोच बघायचा. तिथे त्याची भाषा वेगळी. पकडीत कुणी मागे सरला की ओरडायचा, "काय रे, आंडात दम नाय काय?" आम्ही ओढणी तोंडाला लावून हसायचो. तो शब्द त्या मैदानावर रोज संध्याकाळी उडायचा. त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं, कारण तेव्हा तो शिवी होता, कुणाच्या शरीराचा भाग नव्हता.

भातकापणीच्या सुमारास पोरांबरोबर खेळताना एकाचा गुडघा दादाला लागला. तो खाली बसला, उठला, हसला. पण नंतर तो बाईकवर जरा तिरका बसू लागला. उकिडवा बसायचं टाळू लागला. आम्ही विचारलं तर म्हणाला, "मांडी भरलीय." आमची सुप्रिया पट्टी बांधण्यात हुशार. तिने त्याला पायरीवर बसवलं आणि विचारलं, "दादा, नक्की कुठं?"

"तिथंच. मांडीत."

"तिथंच म्हंजे? नाव घेऊन सांग," आम्ही सगळ्या एका सुरात ओरडलो.

तो हसला. हसता हसता खाडीकडे बघू लागला. सुप्रियाने त्याच्या धडधाकट मांडीला छान, ताणून पट्टी बांधली. नंतरही ती तशी पट्टी बांधत राहिली आणि आम्ही दर वेळी तोच विनोद करत राहिलो. आज ते हसू आठवलं की माझा मलाच राग येतो. नाव घ्यायला आम्ही सांगत होतो, पण जे नाव होतं ते ऐकायची आमची तरी तयारी कुठे होती?

पेणच्या एका दवाखान्यात तो जाऊन आला होता, हे त्याने पुढे सांगितलं. बाकड्यावर गावातल्या दोन बायका बसलेल्या. कंपाउंडरने लांबूनच विचारलं, "काय होतंय?" दादा म्हणाला, मांडी. आत डॉक्टरांनाही तेच म्हणाला. त्यांनी मांडी दाबून बघितली, मुकामारावरच्या गोळ्या दिल्या. पँट उतरवा, असं कुणी म्हटलं नाही. त्याला तेवढंच हवं होतं.

वहिनी माझ्याकडे आली ती शिमग्याच्या आसपास. आमच्या घरी बाबांपासून पत्रकं लिहायचा धंदा आहे. पाण्यासाठी, रस्त्यासाठी, कंपनीच्या धुरासाठी. आमच्याकडे डब्यांखाली वर्तमानपत्र नसायचं, उरलेली पत्रकं असायची. वहिनीला वाटलं, हिच्याकडे शब्द असतील.

"त्यांची मांडी नाय दुखत," ती म्हणाली. "मला ठाव हाय. लुंगी बदलताना पाठ करतात. एक बाजू सुजून दगडासारी झालीय. म्या विचारलं तर अंगावर आले. आता खोकतात पन. मी कोनाला काय म्हनून सांगू गो? नवऱ्याचं ते सुजलंय म्हनून?"

मी म्हटलं, "वृषण."

"म्हंजे?"

धुराविरुद्ध पानंच्या पानं लिहिणारी मी ओट्यावरचं भांडं इकडून तिकडे सरकवत राहिले. शेवटी वहिनीनेच तो शब्द उच्चारला, नवरा रोज मैदानावर ओरडायचा तो. इतक्या हळू, की जणू देवासमोर शिवी दिली. "आंड." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी त्याला रोह्याला नेलं. तो येत नव्हता. "कंपनीत कळलं तर? पोरं काय म्हनतील?" म्हणाला. वहिनी म्हणाली, "पोरं बोलतील ते बोलतील. आज मी बोलनार." तिथल्या डॉक्टरांनी पडदा ओढला, तपासलं, सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी करायला लावली. रिपोर्ट आल्यावर बाहेर येऊन शांतपणे म्हणाले, "मांडीला काही झालेलं नाही. हा आंडाचा, म्हणजे वृषणाचा, कॅन्सर वाटतोय. तरुण पुरुषांना होतो. मार लागल्याने होत नाही, मार लागल्यावर फक्त हात तिथे जातो आणि गाठ कळते. लवकर आले तर बहुतेक जण बरे होतात." मग त्यांनी खोकणाऱ्या दादाकडे बघितलं आणि मुंबईच्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहायला घेतली.

मुंबईला ऑपरेशन झालं, एक आंड काढलं. पोटात आणि फुप्फुसात आधीच पसरलं होतं. मग केमोथेरपी. पावसाळ्यानंतर तो मैदानावर आला तेव्हा डोक्यावर टोपी होती, भुवया नव्हत्या. प्लास्टिकच्या खुर्चीत बसला आणि दोन्ही संघांना समोर बसवलं. कठड्यावर गावातले मोठे लोकही होते.

"मला आंडाचा कॅन्सर झाला," तो म्हणाला. आवाज बांधापर्यंत काय, दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नव्हता. "मांडीचा नाय. म्या खोटं बोललो."

पोरं माती उकरू लागली. एक जण फिसकन हसला. मागून एक काका म्हणाले, "अरे नरेश, पोरी बसल्यात."

"बसू दे. पोरींना म्या नाव घ्याला शिकवलं, नि माझ्या टायमाला मीच मुका झालो." मग तो पोरांकडे वळला. "आंघोळीच्या वेळंला दोन्ही हातानी चाचपून बघायचं. कडक लागलं, जड लागलं, एक मोठं झालं, तर जायचं. दुखत नाय म्हनून थांबू नका. माझं पन फार दुखत नव्हतं. तिथंच फसलो." मग दम घ्यायला थांबला. एका दमात अख्खी चढाई करून परत येणारा माणूस तो. "एक काढलं तरी मानूस मर्दच राहतो रं. मला वाटलं होतं नाय राहत."

काका उठून गेले. त्यांच्या मागे आणखी दोघे. पण तो हसलेला पोरगा दुसऱ्या दिवशी दादाच्या घरी गेला आणि बराच वेळ ओटीवर बसला. का, ते मी विचारलं नाही. पुढे तो रोह्याला जाऊन आला, त्याच्या आंडात साधं पाणी भरलं होतं, आता ठीक आहे, एवढं वहिनीकडून कळलं.

दादा पुढची होळी बघू शकला नाही. शेवटी बोलताना दोन शब्दांनी धाप लागायची. तरी नर्सने कुठे दुखतंय विचारलं की नाव घेऊन सांगायचा, पाठ, बरगडी, डावी बाजू.

गावच्या कबड्डी मंडळाने हायवेच्या कडेला फ्लेक्स लावायचं ठरवलं. मजकूर आला: अल्पशा आजाराने दुःखद निधन. मी म्हटलं, आजार अल्पसा नव्हता, त्याला नाव आहे, ते लिहा. दादा ज्यासाठी खुर्ची टाकून बसला होता तेच लिहा. बैठक दादाच्याच ओटीवर होती. मैदानावरून उठून गेलेले तेच काका म्हणाले, "मेलेल्या मानसाला कशाला नागडा करता?"

वहिनी आतल्या दारात उभी होती. चार माणसांत ती कधी बोलत नसे. ती म्हणाली, "जिता व्हता तवा कोनी नागडा करून बघितला नाय. म्हनून मेला."

फ्लेक्स तरीही तोच लागला. नागोठण्याकडे जाताना बसमधून दिसायचा. टोपी नसलेला, भरगच्च केसांचा दादा, आणि खाली ते खोटं. उन्हाने रंग उडाला तरी ती ओळ वाचता यायची.

म्हणून हे मी लिहिते आहे आणि तुमच्याकडे मागते आहे. आज घरी जाल तेव्हा नवऱ्याला, भावाला, मोठ्या झालेल्या मुलाला विचारा, आणि तुम्ही स्वतः पुरुष असाल तर स्वतःला: आंड तपासलंस का? शब्द बदलू नका, आवाज खाली आणू नका. काही कडक किंवा जड लागलं तर त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जा, बाकड्यावर शेजारी बसा, आणि कुणी विचारलं काय होतंय, तर त्याला मांडी म्हणू देऊ नका.