वेगळी पंगत

दोनदा औषधं घेऊनही माझ्या पोटातले जंतू हटेनात. शेवटी दुर्बिणीतून काढलेला जठराचा तांदळाएवढा तुकडा मीच प्रयोगशाळेत नेऊन दिला. तिथल्या बाईंनी तो काचेच्या बशीत, रक्त घातलेल्या जेलीवर अलगद टेकवला आणि उबदार कपाटाचं दार विरजण लावल्यासारखं हळूच लोटलं.

"आता आठवडाभर धक्का लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "जंतू जगले, तरच कुठल्या औषधानं मरतात ते कळेल."

घरी मऊ भात कालवताना ती लालसर बशी डोळ्यांपुढे तरंगत राहिली. इतकी वर्षं ते माझ्याच ताटात जेवले. आज पहिल्यांदाच त्यांच्यातल्या काहींची पंगत वेगळी बसली होती. "पोटभर जेवा रे बाबांनो," मी पुटपुटलो, आणि माझा घास उचलला.