भीमण्णाचा अडसर

माझे सासरे भीमण्णा सुतार म्हणजे अस्सल हट्टी माणूस. मी निंबर्ग्याची. लग्न होऊन भालकीला आले ते साल एकोणीसशे छत्तीस. निजामाचं राज्य, घरात अर्धी कानडी अर्धी मराठी, आणि दारात सदा बाभळीच्या भुशाचा वास. अजूनही कुठं ओली बाभूळ चिरताना दिसली की माझे पाय थांबतात. सासू नव्हती, त्यामुळं मामंजींना जेवायला उठवायचं काम माझ्याकडं. दहा हाका मारल्याशिवाय ते रंधा खाली ठेवत नसत.

पंचवीस वर्षं त्यांनी बैलगाड्या केल्या. मग कापसाचे व्यापारी श्रीपतराव यांनी हैदराबादहून लॉरी आणली. आणली म्हणजे नुसता सांगाडा, चाकं आणि इंजिन. वरचं लाकडी धूड इथंच बांधायचं. मामंजींनी ते दीड महिन्यात उभं केलं. बाजूच्या फळ्यांवर वेलबुट्टी काढली, मागच्या फळीवर नंदी कोरला. लॉरी बाजारातून निघाली तेव्हा लोक दुकानं सोडून बाहेर आले. त्या दिवशी मामंजी मिशीला तूप लावून बसलेले मला आठवतात. काय दिवस होते ते!

पण त्यांनी लॉरी बांधली ती बैलगाडीच्या डोक्यानं. शेतातून आलेली गाडी उलटी लावली की साटीला साटी, म्हणजे तळाला तळ, भिडावी आणि कापसाचे बोंद, ती मोठाली पोती, सरळ सरकावीत, म्हणून तळ छातीइतका उंच घेतला. जास्त माल बसावा म्हणून मागचा भाग चाकांच्या मागं दोन हात बाहेर काढला. गाडीलाही ते तसंच करत. गाडीच्या मागं कोण येतं? दुसरी गाडी. तिला बैल असतात, आणि बैल आपल्या डोळ्यानं बघून आपोआप थांबतो. मागून एखादी ठेंगणी, बिनडोळ्याची वस्तू धावत येईल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

चाळीस सालची येळवस. त्या अमावस्येला आमच्याकडं गावं ओस पडतात. सगळी माणसं शेतात, भज्जी-आंबील तिथंच. शेजारचा सिद्धराम एका वकिलाची मोटार चालवायचा. हसरा माणूस, रस्त्यानं जाताना आमच्या दारापुढं मुद्दाम भोंगा वाजवायचा आणि मामंजींच्या शिव्या खायचा. त्या दिवशी वकिलाला बिदरला सोडून तो एकटाच परतत होता. संध्याकाळी शेताभोवती पेटता हेंडगा, म्हणजे गवताचा पलिता, फिरवायचा असतो, त्याच्या आत त्याला बायकोपाशी, रुद्रम्मापाशी, पोचायचं होतं. मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत, त्यात परतणाऱ्या बैलगाड्यांचा धुरळा. चढावर श्रीपतरावांची लॉरी चाक पंक्चर होऊन उभी होती.

मोटार तिच्या खाली गेली. लॉरीच्या चाकांना ती लागलीच नाही. पुढचं इंजिन तळाखालून आरामात आत शिरलं, आणि लॉरीचा मागचा काठ काच फोडून सिद्धरामपर्यंत आला. पुढचं मी लिहीत नाही.

पोलीस आले, पंचनामा झाला. लॉरी उभीच होती, तिचा काय दोष, असं सगळे म्हणाले. रुद्रम्मासुद्धा म्हणाली, नशीब. मामंजी मात्र दुसऱ्या दिवशी दोरी घेऊन तिथं गेले, लॉरीचा तळ मोजला, मोटारीचं नाक मोजलं, आणि घरी येऊन ओसरीवर बसले. लॉरीवर साधा ओरखडा नव्हता. नंदी जसाच्या तसा होता. तेच त्यांना खाऊन टाकत होतं.

"निलव्वा," ते मला म्हणाले, "मोटारीचं इंजिन बी साबूत हाय. फकस्त मानूस गेलं. आपटायला काईच न्हवतं गं तिला. म्या जागाच मोकळी सोडलो."

त्यानंतर त्यांनी एक अडसर तयार केला. बाभळीचा मांडीएवढा जाड ओंडका, दोन मजबूत पाय लावून लॉरीच्या शेपटाखाली आडवा टांगायचा, गुडघ्याच्या उंचीवर. मोटार आली तर आधी तिचं नाक त्यावर आदळावं. अडसराशिवाय लॉरी बांधणार नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

श्रीपतराव हसले. "भीमण्णा, वढ्यात धोंड्याला अडकंल की हे! अन् मोटारवाल्यानं बगून चालवावं. माज्या लॉरीनं कामून वझं वागवावं?"

"मग दुसरा सुतार बगा, मालक."

त्यांनी खरंच दुसरा बघितला. बाकीचेही उदगीरला जाऊ लागले. आमच्या दारातला भुसा कमी झाला. नवरा घुमा बसायचा, मी भांडी आपटायची. एकदा मी तोंडावर बोललेच, "मामा, आडसर हाय की येड हाय हे?" ते म्हणाले, "आजून मला बी ठावं न्हाई गं. मोटार थांबंल का त्याला, कुनाला ठावं?" त्यांना रात्रंदिवस हेच जाणून घ्यायचं होतं. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. आता त्या रागाची लाज वाटते.

एक सोमशेखर नावाचा व्यापारी तेवढा कबूल झाला. घाईत होता, दुसरा सुतार शोधायला वेळ नव्हता. नंतर कापून टाकू, असा त्याचा बेत. पण हमालांना वर चढायला तो ओंडका पायरीसारखा सोयीचा पडला, त्यांनी तो कापू दिला नाही. माणसाच्या जिवासाठी नव्हे, हमालाच्या पायासाठी तो टिकला.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात सोमशेखर तावातावानं आमच्या दारात आला. "अण्णा, तुमचा आडसर मोडला! मागून मोटार येऊन धडकली."

मामंजी उभे राहिले. "मान्सं?"

"हायत की. बोंबलायलेत. मोटारीचं नाक पार चपटं झालंय."

मामंजी तसेच अनवाणी धावले. तासाभरानं परतले ते हसत, चेहरा घामानं आणि धुळीनं माखलेला. मला म्हणाले, "पदर घे, रुद्रम्माकडं जायचंय." विधवेच्या घरी एकट्या पुरुषानं जाऊ नये, म्हणून मी. वाटेत मात्र त्यांचं हसू गेलं. माझ्याही ध्यानात आलं, की ते तिला काय सांगायला निघालेत. मी म्हटलं, "मामा, नगा सांगू. कशाला तिची जखम उकलायलाव?" त्यांनी ऐकलं नाही.

रुद्रम्मा ज्वारी पाखडत होती. मामंजी उंबऱ्याबाहेर बसले आणि एका दमात बोलले. "रुद्रम्मा, आज आडसरानं मोटार थांबली. तवा म्या तो लावलो असतो तर सिद्धराम जगला असता. नशीब न्हवतं ते. माजी चूक व्हती."

तिचं सूप थांबलं. मला वाटलं, आता दार लावून घेईल.

"मोटारीत कोन व्हतं, अण्णा?"

"उदगीरची एक बाई, तिची सासू, अन् डायवर."

"समदे जगले?"

"व्हय."

"डायवर बी?"

"डायवर बी. मोटारीला लाथा घालत शिव्या देयलाय, म्या डोळ्यानं बगितलो."

"डायवर बी," असं ती स्वतःशीच पुन्हा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. सहा वर्षांत ती कुणासमोर रडली नव्हती. मी आत जाऊन तिला जवळ घेतलं, आणि मामंजी उन्हात हात जोडून बसून राहिले.