गवई साहेबांच्या गाडीचा क्रँक

गॅरेजात जुने नटबोल्ट आणि किस्से सारखेच साचतात. फेकायचं मन होत नाही, आणि कोणी चहाला बसलं की एखादा हाताला लागतोच. अमरावतीत इंजिनाचं काम करण्यात माझी निम्मी जिंदगी गेली, पण एका क्रँकनं जेवढे किस्से दिले तेवढे बाकीच्या साऱ्या गाड्यांनी मिळून दिले नाहीत.

गाडी गवई साहेबांची. साहेब रिटायर्ड इंजिनियर. त्यांचे वडील दादाराव एका डॉक्टरांकडे तीस वर्षं ड्रायव्हर होते, तेव्हाची ही काळी गाडी. डॉक्टरांच्या नातवानं ती भंगारात काढली, तर साहेबांनी उचलून आणली. मला म्हणाले, "मिस्त्री, बाबानं या गाडीचं मांगचं दार हजारदा उघडलं. आत कधी बसले नाहीत. मले त्याईले एकदा मांगं बसवाचं आहे."

दादारावांनी नव्वदी गाठलेली, हृदय थकलेलं. "लवकर करा," एवढंच साहेब बोलले. आणि इंजिन खोललं तर क्रँकशाफ्टचे दोन तुकडे! क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा. तोच मोडला होता.

*

अकोल्याच्या एका जुन्या पार्टवाल्याला फोन लावला. आपल्याकडे दुकानदार 'नाही' म्हणत नाही, हे मी विसरलो.

"आहे ना भाऊ, या."

मी आणि आमचे लेथवाले गफूरचाचा बसनं अकोल्याला गेलो. त्यानं गोणपाट सोडलं, तर आत ट्रॅक्टरचा क्रँक.

"अहो, हा त ट्रॅक्टरचा आहे."

"मले माईत आहे ना. पण तुमी इतक्या दुरून आले, खाली हात कसे पाठवू?"

*

मग चाचांनी मोडका क्रँक रॉकेलनं घासला. त्यावर पाच आकडे ठोकलेले निघाले. पार्ट नंबर सापडला! मी तो जुन्या गाड्यांच्या साऱ्या ग्रुपवर टाकला. आठ दिवस देशभरातले शौकीन कॅटलॉग चाळत बसले. एकानं तर हा माल विलायतेतच मिळेल असं छातीठोक सांगितलं.

नवव्या दिवशी दादाराव काठी टेकत गॅरेजात आले. क्रँककडे वाकून पाहिलं.

"हा त रामभाऊ मिस्त्रीचा फोन नंबर आहे. ज्या कामाले हात लावे, त्याच्यावर ठोकून ठेवे."

"लागन का आता?" मी विचारलं.

"लावून पाय. उचलला त मलेई दे. लय वर्षं झाले त्याले जाऊन."

*

नंबर कामातून गेला. आता मापावरच भरवसा. चाचांनी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर क्रँकच्या टोकाची सहा भोकं उतरवली, बाजूला बेअरिंगच्या जागांची मापं लिहिली आणि पत्रिका खिशात घातली. महिनाभर जिथं भंगार दिसेल तिथं ती लावून पाहायचे. पत्रिका काही जुळेना. इकडे दादाराव दोनदा दवाखान्यात जाऊन आले, आणि माझी झोप उडाली.

एक दिवस आम्ही वरूडला एका ट्रकच्या कामाला गेलो. संत्र्याच्या पॅकिंग शेडात टांगलेल्या लोखंडावर जेवणाच्या सुटीचा टोल पडला आणि चाचा जागीच थबकले.

"भाऊ, हा लोखंडाचा तुकडा नाही. क्रँक आहे."

शेडमागच्या कडुलिंबाला खरंच एक क्रँक टांगला होता. चाचांनी पत्रिका लावली. सहाही भोकं जुळली! मापंही किंचित मोठी, म्हणजे घासून बसवता येतील अशी होती. "आवाज साफ आहे, म्हणजे तडा नाही. उभा टांगला म्हणून वाकला बी नाही," चाचा म्हणाले. मला तर त्यांना मिठी मारावीशी वाटली.

शेडमालक मात्र अडले. "क्रँक न्या तुमी, पण मंग सुटी कशी होईन?"

आम्ही बाजारातून पितळी घंटा आणून टांगली. दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला.

"घंटा वाजवली त एक बाई जेवाले गेली नाही. साऱ्या हात जोडून उभ्या. आता मी आरती म्हणू का?"

*

इंजिन बसलं, पहिल्या सेल्फला सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाराव इस्त्रीचा कोट घालून आले. साहेबांनी मागचं दार उघडून धरलं. म्हातारा क्षणभर थांबला, मग आत बसला. साहेब स्टिअरिंगवर, मी त्यांच्या शेजारी.

बडनेरा रोडला लागलो तरी मागून एक शब्द नाही. साहेबांचे डोळे सारखे आरशात. मला दादारावांच्या हृदयाची धास्ती, पण मागं वळून पाहायची हिंमत होईना.

मग मागून म्हाताऱ्याचा आवाज आला. सावकाश, जड, डॉक्टर लोकांसारखी शुद्ध मराठी.

"दादाराव, गाडी जरा हळू घे. आपल्याला घाई नाही."

साहेबांनी ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला.

"जी, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले.