पाववाल्याची घंटी

एका पाववाल्याने मोपेड घेतली, तेव्हा त्याची जुनी सायकल मी घेतली. नवीची ऐपत नव्हती, म्हणून हिलाच दर पगाराला थोडं थोडं सजवत गेले. आधी ब्रेकचे रबर, मग मागचा टायर, मग मऊ सीट. अवजड कॅरियर काढून पुढे बास्केट लावली. रंग मी स्वतःच दिला, मोरपिशी. झाली की आपली, असं म्हणून मी मोकळी झाले. घंटी तेवढी राहिली होती, तिच्यापर्यंत पैसे पोचलेच नव्हते.

परवा सकाळी बाजारामागच्या गल्लीत मांजर आडवं आलं. मी घंटी वाजवली, तर दुसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली हेलकावत माझ्या पुढ्यात उतरली.

“दोन लाद्या ठेव रे!”

मी मान वर केली. खिडकीतल्या काकूंनी मला पाहिलं आणि ओशाळून हसल्या. “अगं बाई! घंटी त्याचीच गं. मोपेड घेतल्यापासून कधी येऊन जातो, कळतच नाही मेलं.”

रिकामी टोपली वर गेली. मी मात्र तिथेच रेंगाळले. एवढा रंग दिला, एवढं बदललं, पण या गल्लीच्या कानांना ती अजून पाववाल्याचीच होती. गंमत म्हणजे मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

आज सकाळी मांजर वगैरे काही आडवं आलं नव्हतं. तरी त्या खिडकीखाली मी घंटी वाजवली. बास्केटमध्ये दोन लाद्या होत्या, गरम.