चांदाएवढा ठिपका

लातूरचा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि पावसानं तर पाठच फिरवली होती. उदगीरकडची आमची विहीर आटली तसे अप्पा, माझे वडील, माझ्याकडं लातूरला राहायला आले. लेकीच्या घरी राहायचं त्यांना जिवावर यायचं, पण करतात काय?

त्यांचा नेम मात्र तोच. अंघोळ, कपाळाला विभूती, मग गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन समईपुढं एकटक बघत बसायचं. काळ्याभोर लिंगात ज्योतीचा एक ठिपका चमकतो. नजर त्यावर ठरली की मनही ठरतं, असं आम्हा लिंगायतांत लहानपणापासून शिकवतात. पूजेआधी घोटभर चहासुद्धा नाही. माझं कसलं मन ठरतंय! माझं सगळं ध्यान टँकरच्या भोंग्याकडं.

एके सकाळी अप्पा पूजेवरून उठले ते हसतच.

"माय, आज ठिपका चांदाएवढा झाला बघ. चहूकडं तेज पसरलंय. शिवाची कृपा झाली."

आदल्याच दिवशी त्यांनी ताकात मीठ म्हणून साखर घातली होती.

"अप्पा, ती कृपा न्हाई, मोतीबिंदू हाय," मी फाडकन बोलले. "जिल्ह्याचा दवाखाना हाय आता, ऑपरेशन करून टाकू. न्हाईतर पार आंधळे व्हाल!"

"सारा जन्म ठिपक्यावर काढला. आता कुठं उजेड आला, आन् तू म्हणतीस काढून टाक?"

घ्या! मी चिडायची, ते हसायचे. खरं सांगते, इतकं सुखी मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

एकदा टँकर आलाच नाही. तांब्याभर पाणी उरलं होतं. अप्पांनी ते लिंगावर घालायला घेतलं आणि सगळं फरशीवर ओतलं. तळहात कोरडाच. त्यांनी चाचपून ओली फरशी बघितली.

"घरात अजून पाणी हाय का?"

"न्हाई, अप्पा."

त्यांनी रिकामा तांब्या बाजूला ठेवला. मग म्हणाले, "शिवाचा उजेड असता तर हात तरी दिसला असता. चल, कुठं हाय तुझा दवाखाना?"

ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, पुढं जाड भिंगांचा चष्मा आला. त्या सकाळी ते पूजेला बसले तशी मी दारातच उभी राहिले. माझ्या हट्टापायी अप्पांचं सुख गेलं तर?

"अप्पा, काय दिसतंय?"

"ठिपका हाय. बारीक."

मग मान वर करून ते माझ्याकडं बघत राहिले.

"माय, तू कवा एवढी वाळलीस गं?"

लिंग तळहातावर तसंच होतं. म्हणाले, "आधी तू चार घास खा. पूजा थांबंल."